सिंकखालचा अँगल कॉक पुन्हा पुन्हा गळतोय? बदलण्याआधी हे तपासा

ओट्याखालचं कपाट उघडलं की कुबट वास येतो. तेलाच्या डब्याच्या बुडाला गंज, प्लायची कडा फुगलेली, आणि रात्री खाली ठेवलेलं भांडं सकाळी भरलेलं. मग अँगल कॉकचं, म्हणजे भिंतीतून वरच्या नळाकडे जाणारं पाणी बंद-चालू करणाऱ्या छोट्या कॉकचं, ठरलेलं निदान होतं, "कॉक गेलाय, बदलून टाका." कॉक बदलला जातो आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच सुरू होतं.

आमची सोसायटी चार मजली आहे. गच्चीवर टाक्या, थोडं पाणी महापालिकेचं, बाकी बोअरचं. स्वतःच्या घरी, भावाकडे आणि शेजारीपाजारी मिळून हे काम मी अनेक वर्षं करतोय. मी प्लंबर नाही, पण एकच दोष इतक्यांदा समोर आल्यावर एक गोष्ट पक्की समजली आहे: पाणी जिथे पडतं तिथूनच ते गळत असतं असं नाही. पाणी पाईपवरून, जाळीवरून, नटावरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. ते खालचं टोक बहुतेक वेळा अँगल कॉकच असतो. म्हणून दोष कुणाचाही असला तरी बदलला जातो तो कॉक.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर चार लिटरच्या वर पाणी रोज त्या कपाटात जिरतं. प्लायला एवढं पुरेसं आहे, त्यामुळे "थोडंच तर गळतंय" म्हणून सोडून देऊ नका.

आधी लक्षणं

सिंक वापरलं की ओल येते आणि रात्रभर काहीच नाही, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे. वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकातली जाळीची जोडणी), वेस्ट पाईप किंवा ट्रॅप (त्याखालचा वाकडा भाग) बघा. कॉकचा काही संबंध नाही.

कुणी नळाला हात न लावता दिवसरात्र थेंब पडतोय, तर तो दाबाच्या बाजूचा दोष. कॉक, कनेक्शन पाईप (कॉकपासून वरच्या नळापर्यंत जाणारा जाळीचा लवचीक पाईप), आरओच्या नळीसाठी जोडलेला टी किंवा वरच्या नळाचं मूळ, यांतलं काहीतरी.

कॉक फिरवला की मुठीच्या बुडाशी पाणी येतं आणि थोड्या वेळाने थांबतं, तर ग्लँड, म्हणजे मुठीच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग आणि त्याचा नट.

कॉक पूर्ण बंद करूनही वरच्या नळातून बारीक धार चालूच राहते, तर आतलं वॉशर किंवा डिस्क झिजली आहे. बाहेर ओल नसते म्हणून याकडे कुणी बघत नाही. पण उद्या कनेक्शन पाईप फुटला तर पाणी थांबवायला हाच कॉक लागणार आहे.

कॉकमागची गोल चकती, म्हणजे फ्लँज, पुढे ओढली आणि टाईलच्या भोकात ओल दिसली, तर आटे किंवा भिंतीतला पाईप. हे लक्षण सगळ्यात गंभीर आहे.

कॉकवर हिरवट किंवा पांढरी खपली धरली असेल तर ती खरवडण्याआधी नीट बघून ठेवा. हिरवट रंग पितळेतल्या तांब्याचा, पांढरा पाण्यातल्या क्षारांचा. खपली सगळ्यात जाड जिथे आहे, तिथे पाणी कित्येक महिने झिरपत आलेलं असतं.

पहिली तपासणी: कोरडं करा आणि बघत बसा

याला खर्च शून्य, पण घाईत नेमकं हेच राहून जातं. आरओ किंवा गीझरचा प्लग त्याच कपाटात असेल तर बोर्डाजवळ ओल आहे का ते आधी पाहा. ओल असेल तर प्लगला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा.

कपाट रिकामं करा. वरच्या नळाच्या मुळापासून खाली कॉकपर्यंत सगळं कोरड्या फडक्याने पुसा. मग अंगाला लावायची पावडर हातावर घेऊन प्रत्येक नटावर, पाईपवर आणि कॉकवर हलकेच लावा. खाली वर्तमानपत्र पसरा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पांढऱ्या पावडरवर ओलीची रेघ लगेच उमटते. ती रेघ वरून कुठून सुरू झाली, तेवढंच शोधायचं.

सांडपाण्याची शंका असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. सिंकला बूच लावून पाणी भरा, त्यात अर्धा चमचा हळद ढवळा आणि बूच काढा. खाली पिवळा थेंब पडला तर दोष अँगल कॉकचा नाही, ट्रॅपकडे बघा.

भावाच्या घरी वर्षभरात दोनदा कॉक बदलून झाला होता. वहिनींनी फोन केला, "भाऊजी, आता ते भिंत फोडावी लागेल म्हणतायत." मी गेलो, पुसलं, पावडर लावली. भिंतीकडची बाजू कोरडी ठाक. कॉकचे आटे कोरडे. कनेक्शन पाईपच्या स्टीलच्या जाळीवरची पावडरही वरून खालपर्यंत कोरडीच. आणि तरीही कॉकच्या अगदी वर, जिथे जाळी संपून नट सुरू होतो, त्या कडीच्या काठावर एक थेंब फुगत होता. आतली रबरी नळी वरच्या टोकाशी तडकली होती आणि पाणी जाळीच्या आतून उतरून खालच्या कडीतून बाहेर येत होतं. कनेक्शन पाईप बदलला, गळती थांबली. आधी काढून टाकलेले दोन्ही कॉक ठणठणीत होते.

दुसरी तपासणी: कनेक्शन पाईप आणि त्याचं वॉशर

कॉक बंद करा, वरचा नळ उघडून दाब सोडा, खाली वाटी धरा आणि कनेक्शन पाईपचा कॉककडचा नट काढा. आत चपटं रबरी वॉशर असतं. ते कडक झालंय, एका बाजूला दबलंय किंवा चिरलंय का ते बघा. नवं वॉशर दोन-पाच रुपयांत मिळतं.

इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या जोडात पाणी अडवायचं काम आटे करत नाहीत, वॉशर करतं. टेपमुळे नट अर्ध्यावर घट्ट लागतो, वॉशर पुरतं दबत नाही आणि गळती तशीच राहते. हाताने बसेल तेवढा नट फिरवा आणि मग पान्याने फार तर पाव फेरा द्या. जोर लावून आवळलं की वॉशर कापलं जातं. आज थेंब थांबतो आणि महिन्याभरात परत येतो.

जाळीवर गंजाचे ठिपके असतील, तार तुटून टोचत असेल किंवा पाईप एका जागी मुडपला असेल, तर वॉशरचा विचार न करता अख्खा पाईप बदला. लांबी मोजून घ्या. १८ इंची जिथे ताणून बसतो तिथे २४ इंची घ्या. ताण असला की नट तिरका बसतो.

तिसरी: आरओचा टी

आता बहुतेक स्वयंपाकघरांत अँगल कॉक आणि कनेक्शन पाईप यांच्यामध्ये आरओसाठी एक छोटा टी टाकलेला असतो, बाजूला बारीक प्लास्टिकची नळी निघालेली. म्हणजे एका जोडाचे तीन जोड झाले. टी बसवणारा माणूस दहा मिनिटांत निघून जातो, आणि त्याच्या बारीक नळीच्या नटातून झिरपलेलं पाणी कॉकच्या अंगावर येतं. टीच्या प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. संशय असेल तर कॉक बंद करून टी काढा, कनेक्शन पाईप सरळ कॉकला जोडा आणि एक रात्र बघा. गळती थांबली तर चोर सापडला.

चौथी: ग्लँड

कॉक जुन्या पद्धतीचा, चार-पाच फेरे फिरणारा असेल, तर मुठीखाली एक षटकोनी नट दिसतो. स्पिंडलभोवतीचं, म्हणजे मुठीच्या दांड्याभोवतीचं, पॅकिंग दाबून धरणं हे त्याचं काम. स्क्रू पान्याने तो घड्याळाच्या दिशेने थोडासा, आठवा हिस्सा फेरा फिरवा आणि बघा. थेंब थांबला तर तिथेच थांबा. जास्त आवळला तर मूठ जाम होते, मग कुणीतरी जोर लावतं आणि स्पिंडल तुटतं.

नट आवळूनही झिरपत असेल तर पॅकिंग संपलं आहे. मागचा पुरवठा बंद करून ग्लँडची दोरी किंवा टेफ्लॉनचा पीळ भरता येतो. पण कॉक फार जुना असेल तर मी त्यात वेळ घालवत नाही, नवा घालतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या कॉकला असा नट नसतो. त्यात आतलं स्पिंडल अख्खं बदलतात आणि ते त्याच बनावटीचं लागतं. जुनं काढून दुकानात दाखवल्याशिवाय नवं आणू नका.

बदलायचाच असेल, तर आधी मागचं पाणी थांबतं का बघा

या चारही पायऱ्या झाल्या आणि गळती कॉकच्या अंगातून किंवा भिंतीकडच्या आट्यांतून आहे हे नक्की झालं, तरच पुढे वाचा. कॉक खोलणं अवघड नाही. खोलल्यावर अर्धा इंची भोकातून पाणी येतच राहिलं तर हाताशी काय आहे, हा प्रश्न अवघड आहे.

पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. मजला ३ मीटरचा धरला, तर आमच्या तळमजल्यावर गच्चीच्या टाकीमुळे सव्वा किलोच्या आसपास दाब येतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर तो त्याच्या पाव हिश्शाच्या आसपासच असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर जे सैल जोडही धरून ठेवतात, ते खाली गळतात. प्रेशर पंप असेल तर दाब याहून जास्त.

घरात स्वयंपाकघराच्या लाईनला वेगळा कॉक आहे का शोधा. कधी तो बाथरूममध्ये वर असतो, कधी डक्टमध्ये. नसेल तर गच्चीवर टाकीच्या खाली व्हॉल्व्हची रांग असते. कुठली लाईन कुणाची हे पाईपवर लिहिलेलं क्वचितच सापडतं. एकाने खाली नळ उघडा ठेवून उभं राहायचं आणि दुसऱ्याने वर एकेक व्हॉल्व्ह बंद करत फोनवर विचारायचं. सापडला की ऑइलपेंटने तिथेच लिहून ठेवा. ती लाईन सहसा वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या स्वयंपाकघरांची असते, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगा.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर सिंकचा नळ उघडा ठेवून दहा मिनिटं थांबा. पाईपातलं पाणी आधी निघून जातं. त्यानंतरही करंगळीएवढी का होईना धार राहिली, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. इथे काम थांबवा. जुन्या गेट व्हॉल्व्हला पाईप पाना लावून जोर करू नका. त्याचं स्पिंडल तुटलं तर अख्ख्या विंगचं पाणी जातं.

काही घरांत पिण्याच्या पाण्यासाठी महापालिकेची थेट लाईन सिंकपर्यंत आलेली असते. अशा वेळी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून उपयोग नाही. पाणी नसलेल्या वेळी सगळं कोरडं दिसतं, तुम्ही कॉक खोलता आणि पाणी सुटायची वेळ होते. थेट लाईन मीटरजवळच्या कॉकने बंद करा.

गरम पाण्याचा कॉक असेल तर गीझरचा स्विच बंद करा, गीझरला जाणारं थंड पाणी बंद करा आणि नळातून येणारं पाणी कोमट होईपर्यंत कॉकला हात लावू नका.

काय आणायचं

अर्धा इंची पितळी अँगल कॉक, पाव फेऱ्याचा. वजनाला हलका, चकचकीत पण जस्ताचा ओतीव असलेला कॉक स्वस्त मिळतो. खाऱ्या पाण्यात त्याचे आटे भुगा होऊन भिंतीतच अडकतात आणि मग खर्च कॉकचा राहत नाही, भिंतीचा होतो. दोन टेफ्लॉन टेप, दोन वॉशर, एक स्क्रू पाना, एक पाईप पाना, जुना टूथब्रश. आणि अर्धा इंची आटेवाला एक प्लग. हा प्लग विसरू नका. नवा कॉक बसला नाही, आटे जुळले नाहीत किंवा फ्लँज अडली, तर प्लगला टेप लावून भोक बंद करता येतं आणि इमारतीचं पाणी चालू करता येतं. लोकांचं पाणी अडवून दुकानाला पळायची वेळ येत नाही.

काढणं आणि बसवणं

कनेक्शन पाईप सोडवा. कॉकच्या अंगाला पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने हळू दाब द्या. पहिल्या दाबाला काय हलतंय ते बघा. फक्त कॉक फिरला तर ठीक. भिंतीतला एल्बो (काटकोनी जोड) किंवा निपलही (दोन्हीकडे आटे असलेला छोटा पाईप) सोबत हलतोय असं वाटलं तर लगेच हात काढा. बाहेर निपल दिसत असेल तर एका पान्याने ते धरून ठेवा आणि दुसऱ्याने कॉक फिरवा. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिक पाईपच्या, लाईनमध्ये प्लास्टिकच्या एल्बोत पितळी आटे बसवलेले असतात. जोराने ते आतल्या आत फिरतात किंवा एल्बोला केसासारखी चीर जाते, आणि ती चीर टाईलमागे असल्यामुळे दिसत नाही.

अडला असेल तर आधी एक केसभर घट्ट करण्याच्या दिशेने हलवा, मग उलट. क्षार सुटतात. दोन-तीनदा असं करून बघा. हातोडी मारू नका.

कॉक निघाला की आतले आटे टूथब्रशने साफ करा. जुनी टेप, सुतळी, सफेदा (सुतळीवर लावायची पांढरी पेस्ट) सगळं काढा. टॉर्च लावून आटे अखंड आहेत का बघा. हा अर्धा मिनिट फार मोलाचा आहे, कारण आटे झिजलेले असतील तर कितीही टेप गुंडाळली तरी काही महिन्यांत पुन्हा तीच गळती.

आता टेप. कॉकचे आटे स्वतःकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, टोकापासून मागे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर कॉक फिरवताना ती सुटत जाते. आपल्याकडची टेप पातळ असते, त्यामुळे मी बारा-पंधरा फेरे देतो. पहिल्या आट्यावर टेप पुढे लोंबू देऊ नका. तुकडा आत तुटला तर नळाच्या जाळीत जाऊन बसतो. जुने प्लंबर सुतळी-सफेदा वापरतात. लोखंडी जीआय पाईपला तो उत्तम, पण सीपीव्हीसीच्या एल्बोत जाड सुतळी कोंबली तर एल्बो तडकतो.

फ्लँज आधी कॉकवर चढवा, नाहीतर सगळं बसवल्यावर ती हातात राहते. कॉक हाताने जितका जाईल तितका फिरवा, मग पान्याने एक-दीड फेरा. कॉकचं तोंड वर येईल अशा जागी थांबायचं असतं. तोंड थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका. टेप दबून बसलेली असते, मागे घेतली की तिथेच वाट तयार होते. पूर्ण काढा, नवी टेप लावा, पुन्हा बसवा. मला स्वतःला तीन-तीनदा काढावं लागलेलं आहे, त्यात वेळ गेला तरी चालतो.

नवा कॉक बंद ठेवून गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडला तर पाईपातली हवा आणि गाळ धक्क्याने येतात. भिंतीकडचा जोड पाच मिनिटं बघा, मग कनेक्शन पाईप जोडा.

इथे थांबा आणि प्लंबर बोलवा

मागचं पाणी पूर्ण थांबत नाही. पाना लावल्यावर भिंतीतला पाईप हलतो. कॉक तुटून आट्यांचा तुकडा आत राहिला. तो काढायला वेगळं हत्यार लागतं, स्क्रू ड्रायव्हरने उकरून भिंतीतले आटे जातात. आतले आटे झिजलेले आहेत. कॉक कोरडा असून फ्लँजमागे टाईलच्या भोकातून पाणी येतंय, किंवा खालच्या घराच्या छताला ओल आलीय. इलेक्ट्रिक बोर्डापर्यंत पाणी पोचलंय. मग मेन स्विच बंद आणि आधी इलेक्ट्रिशियन. यातलं एकही असेल तर प्लग लावता येत असेल तर लावा आणि तिथेच थांबा. प्लंबरला फोनवर पाईप जीआय आहे की सीपीव्हीसी ते सांगा, म्हणजे तो सामान घेऊन येईल. तो आला की कॉक बदलायला नाही, गळती कुठून आहे ते दाखवायला सांगा. तुमची पावडर लावलेली जागा त्यालाही दाखवा.

बसवल्यानंतर

पहिल्या रात्री कॉकला आणि दोन्ही नटांना टिश्यू गुंडाळून ठेवा, खाली वर्तमानपत्र. सकाळी टिश्यू कोरडा असेल तरच डबे परत आत ठेवा. आठवड्याने पुन्हा एकदा, कारण वॉशर दबून नट किंचित सैल होतो. बोअरचं पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडा, क्षार धरून तो जाम होत नाही. आमच्याकडे ही तारीख गॅस सिलिंडर बदलण्याच्या दिवसाला बांधली आहे. सिलिंडर आत सरकवताना हात तसाही ओट्याखाली जातो.